अरुंधती, 'स्वयम्' आणि दिसल्याची साक्ष

लग्नात वधूवरांना अरुंधती दाखवण्याचा विधी आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. गेल्या वैशाखात वर्धेतील एका मंगल कार्यालयात आम्ही तो पुन्हा एकदा पाहिला. सायंकाळचे साडेसात वाजून गेले होते. गुरुजींनी वधूवरांना मांडवाबाहेर आणले आणि उत्तरेकडे बोट केले. त्या बोटाच्या रेषेत प्रथम रोषणाईच्या माळा होत्या, त्यापलीकडे चौकातील उंच खांबावरचे दिवे आणि त्याहीपलीकडे आकाश असावे. "दिसली?" गुरुजींनी विचारले. "दिसली," दोघेही एका सुरात म्हणाले. छायाचित्रकाराने तो क्षण टिपला आणि मंडळी जेवणाच्या पंगतीकडे वळली.

आम्ही मात्र तेथेच रेंगाळलो. डोळ्यांवर तळहाताची झापड धरून पाहिले तेव्हा सप्तर्षींच्या शेपटीतील तीन तारका कशाबशा सापडल्या. मधला तो वसिष्ठ, तोही दिसला. अरुंधती काही दिसली नाही. मग आठवले की आमच्याही लग्नात आम्ही "दिसली" असेच म्हटले होते. आमच्यांतील एकाचे लग्न तर भर दुपारी लागले होते.

या निरुपद्रवी खोट्याबद्दल कोणावर दोषारोप करावा असा आमचा हेतू नाही. विधीला होकार हवा असतो, तो आपण देतो. परंतु साहित्याचा अभ्यास करणाऱ्यांनी या 'दिसली'पाशी थोडे थांबावे असे आम्हांस वाटते. तसे वाटण्यास कारण झाला तो एक उपग्रह. त्याची हकीकत प्रथम सांगितली पाहिजे.

२२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोटा येथून पीएसएलव्ही-सी३४ या अग्निबाणाने एकाच उड्डाणात २० उपग्रह कक्षेत नेले. त्यांपैकी एक होता पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी तयार केलेला 'स्वयम्'. १० सेंटिमीटर बाजूचा एक ठोकळा, वजन सुमारे एक किलो. विद्यार्थ्यांच्या एकामागून एक आलेल्या तुकड्यांनी २००८ पासून त्यावर काम केले होते. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला मुंबईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांचा 'प्रथम' हा सुमारे १० किलोंचा उपग्रहही अवकाशात गेला. दोन्ही नावे आपल्या कानांना ओळखीची, दोन्ही महाराष्ट्रातल्या वसतिगृहांत आणि प्रयोगशाळांत वाढलेली. वर्धेतील आमच्या छोट्या गटाला, ज्यात भाषेचे चार अध्यापक आणि काही पदव्युत्तर विद्यार्थी होते, या बातमीने भारून टाकले. आपल्याच वयाच्या मुलांनी हाताने जोडलेली वस्तू आपल्या डोक्यावरून जाते आहे, तर ती पाहायलाच हवी असे ठरले.

पावसाळा सरून आकाश स्वच्छ होण्याची वाट पाहिली आणि नोव्हेंबरातील एका संध्याकाळी आम्ही सेवाग्राम रस्त्यावरील एका घराच्या गच्चीवर जमलो. सूर्य मावळून तासभर झाला होता. पावणेसातच्या सुमारास एक विद्यार्थी ओरडला, "तो बघा!" दक्षिणेकडून उत्तरेकडे एक ठिपका संथपणे सरकत होता. लुकलुकत नव्हता, आवाज नव्हता, विमानाचे तांबडे-हिरवे दिवे नव्हते. दोन-तीन मिनिटांत तो माथ्यावरून पुढे गेला आणि उत्तरेला मंद होत नाहीसा झाला. टाळ्या वाजल्या. कोणाच्या डोळ्यांत पाणी आले, हे आम्ही संकोच न करता सांगतो. त्या रात्री दोघांनी कविता लिहिल्या आणि त्यांतील एक बरी होती.

आठवडाभराने आमच्याच गटातील एका विद्यार्थ्याने, ज्याने विज्ञान शाखा सोडून साहित्याकडे वळताना गणित विसरायचे नाही असे ठरवले होते, एक कागद पुढे ठेवला. त्यावर सोपा हिशेब होता. उपग्रहाला स्वतःचा प्रकाश नसतो. आपल्याकडे सूर्य मावळल्यावरही पाचशे किलोमीटर उंचीवर ऊन असते, त्या उन्हात उपग्रह चमकतो आणि खाली अंधार असल्यामुळे आपल्याला दिसतो. म्हणूनच असे ठिपके मुख्यतः सूर्यास्तानंतरच्या आणि सूर्योदयापूर्वीच्या तास-दीड तासात दिसतात, आणि वाटेतच पृथ्वीच्या सावलीत शिरले की विझल्यासारखे होतात. उलट पृथ्वीची छायाचित्रे घेणाऱ्या अनेक उपग्रहांच्या कक्षा अशा आखलेल्या असतात की ते एखाद्या गावावरून सकाळी साडेनऊ-दहाला आणि मग रात्री साडेनऊ-दहालाच जातात. 'स्वयम्' ज्या अग्निबाणावर बसून गेला त्याचा मुख्य प्रवासी, कार्टोसॅट, हा याच जातीचा उपग्रह. त्याच्याबरोबर सोडलेला 'स्वयम्' आमच्या गच्चीवरून पावणेसातला जाण्याचा संभव नव्हता. तो ज्या वेळी जात असेल त्या वेळी तो पृथ्वीच्या सावलीत असणार.

हिशेबाचा दुसरा भाग अधिक निर्णायक होता. ताऱ्यांच्या तेजाची प्रतवारी आपल्याला ठाऊक आहे: प्रत जितकी वाढते तितका तारा मंद, आणि एका प्रतीचा फरक म्हणजे तेजात सुमारे अडीच पटींचा फरक. निबिड अंधारात तरुण डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. वर्धेसारख्या मध्यम शहराच्या गच्चीवरून चौथ्या प्रतीपर्यंत मजल गेली तरी पुष्कळ. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक शुक्राशी स्पर्धा करण्याइतके तेजस्वी दिसते, कारण ते १०० मीटरहून अधिक रुंद आहे आणि त्याला प्रचंड सौरपंख आहेत. १० सेंटिमीटरच्या ठोकळ्याला त्याच उन्हात ठेवले तर तो फार तर दहाव्या प्रतीचा, म्हणजे आमच्या गच्चीवरून जे अगदी काठावर दिसते त्याच्याही सुमारे अडीचशे पट मंद. 'स्वयम्'ची उंची पाचशे किलोमीटरांच्या थोडी वर होती. वर्धा आणि पुणे यांच्यातले हवाई अंतरही साधारण साडेपाचशे किलोमीटर आहे. पुण्यात टेबलावर ठेवलेला चहाच्या डब्याएवढा ठोकळा वर्धेहून नुसत्या डोळ्यांनी पाहण्याचा आमचा प्रयत्न होता, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

मग आम्ही पाहिले ते काय? बहुधा एखाद्या जुन्या अग्निबाणाचा रिकामा टप्पा. उपग्रह सोडून दिल्यावर त्याला वर नेणारी नळकांडी कित्येकदा वर्षानुवर्षे फिरत राहतात. ती कित्येक मीटर लांब आणि रुंद असतात, आणि शहरातून नुसत्या डोळ्यांना जे सरकते ठिपके दिसतात त्यांत या रिकाम्या नळकांड्यांचा वाटा मोठा असतो.

या चुकीत आम्ही एकटे नव्हतो, आणि ही गोष्ट आम्हांला दिलासा देण्याऐवजी अधिक अस्वस्थ करून गेली. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला. त्यानंतरच्या आठवड्यांत जगभर लोक पहाटे आणि संध्याकाळी घराबाहेर येऊन उभे राहिले आणि त्यांनी आकाशात सरकणारा तेजस्वी ठिपका पाहिला. स्पुटनिक होता ५८ सेंटिमीटर व्यासाचा चकचकीत गोळा. तो अत्यंत काळोख्या जागेवरून, कोठे पाहायचे हे ठाऊक असलेल्याला जेमतेम दिसण्याच्या सीमेवर होता. लोकांनी जो पाहिला तो होता त्याच्यामागून फिरणारा अग्निबाणाचा मुख्य टप्पा, २५ मीटरहून लांब. विसाव्या शतकातील सर्वांत गाजलेले आकाशदर्शन हे बव्हंशी अशा रीतीने चुकीच्या वस्तूचे दर्शन होते. ज्यांनी ते घेतले त्यांचा थरार खोटा नव्हता. त्यांच्या आठवणी, पत्रे, कविता यांत कोणतीही फसवणूक नव्हती. तरीही "आम्ही स्पुटनिक पाहिला" हे वाक्य बहुतेकांच्या बाबतीत असत्य होते.

आता आम्ही आमच्या विषयाकडे येतो. मराठी समीक्षेने गेल्या शतकात ज्या काही कसोट्या मनापासून स्वीकारल्या, त्यांत अनुभूतीची प्रामाणिकता ही एक प्रमुख. वर्गात कविता शिकवताना आपण विचारतो: हे कवीला खरोखर जाणवले आहे काय? शब्द उसने आहेत की आतून आलेले? संकेत आहे की संवेदना? या प्रश्नांनी पुष्कळ कृत्रिम लेखन उघडे पाडले आणि त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु आमच्या गच्चीवरच्या त्या संध्याकाळीला ही कसोटी लावली तर ती पूर्ण गुणांनी उत्तीर्ण होते. त्या विद्यार्थ्याची कविता प्रामाणिक होती, अनुभूती उत्कट होती, डोळ्यांतले पाणी खरे होते. फक्त ज्याची अनुभूती म्हणून ती सांगितली गेली ते तेथे नव्हतेच.

आमचे म्हणणे असे की प्रामाणिकता ही साक्षीची पहिली अट आहे, शेवटची नव्हे. "मला जाणवले" या विधानाची शहानिशा मनात होते. "मी पाहिले" या विधानाची शहानिशा मनाबाहेर, वेळ, दिशा, आकार, अंतर यांच्या आधारे व्हावी लागते. आपण वर्गात पहिल्या विधानाची कसोटी शिकवतो आणि दुसरे विधान त्याच कसोटीवर पास करून टाकतो.

यावर येणारा आक्षेप उघड आहे. कवितेतील चंद्राला खड्डे असण्याची सक्ती नाही. साहित्याचे सत्य वेगळे, खगोलाचे वेगळे. दहाव्या प्रतीचा हिशेब घेऊन कवितेच्या दारात उभे राहणे हा अरसिकपणा आहे. आक्षेपाचा अर्धा भाग आम्हांला मान्य आहे. प्रतिमेला कोणी प्रत विचारू नये. 'तू माझा ध्रुवतारा' असे म्हणणाऱ्याला ध्रुव हा दुसऱ्या प्रतीचा, म्हणजे काही फार तेजस्वी तारा नाही, हे ऐकवणारा मनुष्य टाळण्यासारखाच. पण साहित्यातील मोठा भाग प्रतिमेचा नसून साक्षीचा असतो. आत्मकथने, प्रवासवर्णने, व्यक्तिचित्रे, ग्रामीण कादंबरी, दुष्काळावरचे आणि दंगलीवरचे लेखन, हे सारे "मी तेथे होतो, मी पाहिले" या वाक्याच्या बळावर उभे असते. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' प्रसिद्ध झाले तेव्हा मराठी मध्यमवर्गीय वाचक हादरला, तो केवळ लेखकाच्या वेदनेच्या प्रामाणिकपणामुळे नव्हे. त्या जगातील वस्तू, कामे, नाती, वस्त्या, अन्न यांना त्यांच्या खऱ्या नावांनी हाक मारलेली होती आणि ती नावे पडताळून पाहता येण्याजोगी होती. वेदनेवर शंका घेणाऱ्याला नावांवर शंका घेता येत नव्हती. जो साक्ष देतो त्याचे हत्यार अचूक नाव हेच असते. ते बोथट असेल तर त्याचा कळवळा शत्रूच्याच उपयोगी पडतो.

अचूक नाव नसले म्हणजे काय होते, हे आमच्या भागाने २ एप्रिल २०२२ रोजी अनुभवले. गुढीपाडव्याचा दिवस होता. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशातून जळत्या तुकड्यांची एक लांबलचक रांग पूर्वेकडे गेली. वर्धा, नागपूर, अकोला, बुलडाणा, सगळीकडे लोक रस्त्यांवर आले. काही वेळातच शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे धातूचे सुमारे तीन मीटर व्यासाचे कडे पडलेले आढळले आणि त्या परिसरात धातूचे गोळेही सापडले. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी जी वर्णने ऐकली आणि वाचली त्यांत उल्का होती, उल्कावर्षाव होता, पेटलेले विमान होते, क्षेपणास्त्र होते, 'उपग्रह कोसळला' होते. काही जाणकारांनी त्याच दिवशी न्यूझीलंडमधून सुटलेल्या एका अग्निबाणाकडे बोट दाखवले, तोही तर्क टिकला नाही. पुढे अवकाशातील वस्तूंचा माग ठेवणाऱ्या अभ्यासकांनी दाखवून दिले ते असे की ते फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या 'लाँग मार्च ३बी' या चिनी अग्निबाणाचा तिसरा टप्पा होते. पुन्हा एकदा रिकामे नळकांडेच. १९५७ साली ते स्पुटनिकच्या नावाने दिसले, २०१६ साली आमच्या गच्चीवरून 'स्वयम्'च्या नावाने, आणि २०२२ साली ते प्रत्यक्ष खाली येऊन पडले तेव्हाही त्याला आपले नाव मिळायला वेळ लागला.

नाव चुकल्याने काय बिघडते असे ज्यांना वाटते त्यांनी लाडबोरीच्या रहिवाशाच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. उल्का कोणाची नसते. ती पडली तर दैवाला बोल लावावा आणि गप्प बसावे. अग्निबाणाचा टप्पा कोणाचा तरी असतो. त्याला बांधणारे, सोडणारे आणि सोडून देणारे हात असतात. बाह्य अवकाशातील वस्तूंनी केलेल्या नुकसानीची जबाबदारी ती सोडणाऱ्या राष्ट्रावर टाकणारा आंतरराष्ट्रीय करार १९७२ पासून अस्तित्वात आहे. 'उल्का' हा शब्द वापरताच ती जबाबदारी आकाशात विरून जाते. शब्दांची निवड ही येथे शैलीची बाब उरत नाही.

त्या संध्याकाळी आमच्या गटातील कोणीही एकत्र नव्हते. जो तो आपल्या घरी होता आणि २०१६च्या धड्यानंतर पडलेल्या सवयीप्रमाणे पाच जणांनी त्याच रात्री स्वतंत्र टिपणे लिहिली. नंतर ती शेजारी ठेवून वाचली. चौघांच्या टिपणांत सुरुवातीलाच अर्थ लावलेला होता, आणि अर्थ चुकताच टिपणातील बरेचसे वर्णनही निरुपयोगी झाले, कारण ते त्या अर्थाच्या सोयीने लिहिले गेले होते. उल्का म्हणणाऱ्याला ते 'क्षणार्धात' गेलेले दिसले होते, विमान म्हणणाऱ्याला 'धूर' दिसला होता. पाचवे टिपण एका विद्यार्थिनीचे होते: वेळ, दिशा, तुकडे अनेक, एकाच वेगाने, उल्केपेक्षा पुष्कळ संथ, आवाज ऐकू आला नाही, काय आहे ते कळले नाही. ते नीरस म्हणावे असे सहा ओळींचे लेखन होते आणि आजही त्यातील एक शब्द बदलावा लागत नाही.

'कळले नाही' असे लिहून ठेवण्याचे हे बळ आपल्या परंपरेला अपरिचित नाही. अरुंधतीकडेच परत जाऊ. आपल्या शास्त्रकारांनी या विधीवरून एक न्यायच रचला, अरुंधतीदर्शनन्याय. अरुंधती बारीक, एकदम दाखवता येत नाही; म्हणून आधी तिच्याजवळची मोठी तारका दाखवायची, नजर तेथे स्थिर झाली की 'ही नव्हे' असे सांगून बाजूच्या बारीक तारकेकडे न्यायचे. स्थूलाकडून सूक्ष्माकडे जाण्याची ही रीत. वसिष्ठ दुसऱ्या प्रतीचा आणि अरुंधती चौथ्या प्रतीची, दोघांमधले अंतर चंद्रबिंबाच्या निम्म्याहूनही कमी. या न्यायाचे सारे मर्म 'ही नव्हे' या दोन शब्दांत आहे. ते उच्चारले नाहीत तर शिष्य स्थूलालाच सूक्ष्म समजून घरी जातो. मंगल कार्यालयात आपण ते शब्द गाळले. गच्चीवर आम्हीही ते गाळले होते.

दुसरे उदाहरण आमच्या जिल्ह्यातील कापसाच्या शेतकऱ्याचे. तो मृग नक्षत्राच्या भरवशावर पेरणीची तयारी करतो. मृग लागतो तो जूनच्या पहिल्या आठवड्यात, आणि 'लागतो' याचा अर्थ सूर्य त्या नक्षत्रात जातो. म्हणजे ज्या दिवसांत मृगाचे नाव शिवारभर घेतले जाते त्याच दिवसांत मृगाच्या तारका आकाशात दिसत नाहीत. त्या सूर्याबरोबर दिवसा उगवून मावळतात. हिवाळ्याच्या रात्री राखणीला बसलेला हाच शेतकरी मृगातील तीन तारकांना 'तिकांडं' म्हणून ओळखतो आणि सप्तर्षींना बाज म्हणतो. जे दिसते त्याला त्याने स्वतःच्या घरातले नाव दिले आणि जे दिसत नाही त्याचा हिशेब पंचांगावर सोपवला. जूनमध्ये मृग पाहिल्याचे तो कधी सांगत नाही. विदर्भातील गोंड, कोलाम, कोरकू या समाजांच्या आकाशज्ञानाची नोंद टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ पासून प्रसिद्ध केली. तीही नावे वारंवार पाहण्यातून आलेली आहेत. आम्हां साहित्यिकांच्या आकाशातील तारे मात्र बव्हंशी इतर पुस्तकांतून आलेले असतात.

वर्धेला हे सांगण्याचा विशेष अधिकार आहे असे आम्ही थोड्या अभिमानाने म्हणू. १९३२ साली येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजींनी तारे ओळखण्याचा अभ्यास चालवला आणि आश्रमवासीयांना आकाशदर्शनावर लिहून पाठवले. वयाची साठी ओलांडलेला, शेकडो कामांत गुंतलेला मनुष्य नकाशा घेऊन एकेक तारा पडताळून पाहतो, या गोष्टीतील शिस्त आम्हांला त्यातील भक्तिभावाइतकीच महत्त्वाची वाटते. पवनारला धाम नदीच्या काठी राहिलेल्या विनोबांनी विज्ञान आणि आत्मज्ञान यांची सांगड घालण्याचा आग्रह आयुष्यभर धरला. या शहराने दोनदा अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवले: १९६९ साली पु. शि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली, ज्या वर्षी माणूस चंद्रावर उतरला. आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये न्या. नरेंद्र चपळगावकर यांच्या अध्यक्षतेखाली, म्हणजे लाडबोरीला ते कडे पडल्यावर वर्ष पुरे होण्याच्या आत. या दोन वर्षांच्या मधल्या काळात आपल्या डोक्यावरचे आकाश पूर्वीचे राहिले नाही. आपल्या वर्गांतले आकाश तेच आहे.

आकाश कसे बदलले याची कल्पना यावी म्हणून दोनच गोष्टी सांगतो. १५ फेब्रुवारी २०१७ रोजी पीएसएलव्ही-सी३७ने एका उड्डाणात १०४ उपग्रह नेले. त्यांतील ८८ हे एका अमेरिकन कंपनीचे, पृथ्वीची रोज छायाचित्रे घेणारे, प्रत्येकी सुमारे पाच किलोंचे होते. त्यांतील एकही आमच्या गच्चीवरून दिसण्यासारखा नव्हता. ते मात्र आमची गच्ची पाहू शकत होते. याच्या उलट टोकाला मे २०१९ पासून सुटू लागलेले स्टारलिंकचे उपग्रह, ज्यांची सोडल्यानंतरची आगगाडीसारखी रांग पाहून गावोगाव कुतूहल आणि भीती पसरली. आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सोडलेला ब्लूवॉकर-३, ज्याने ६४ चौरस मीटरचा पंखा उघडल्यावर तो काही वेळा आकाशातील सर्वांत तेजस्वी ताऱ्यांच्या पंक्तीत जाऊन बसला. ज्यांची संख्या आणि नजर आपल्यावर आहे ते दिसत नाहीत, आणि जे दिसतात ते ताऱ्यांना झाकतात. खालून शहराचे दिवे आहेतच. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली, ही आनंदाची गोष्ट. परंतु अंधारालाही अभयारण्य लागावे, यात आनंद किती मानावा हा प्रश्न उरतो. नागपूरच्या बाजूचे क्षितिज वर्धेहून रात्रभर पिवळट दिसते. अशा आकाशाखाली ज्याने अरुंधती कधीच पाहिली नाही त्याला ती हरवल्याचे दुःख होणे शक्य नाही. "दिसली" म्हणण्याची सवय लागलेल्या समाजाला काय दिसेनासे झाले हे कळण्याचा मार्गच उरत नाही. आमच्या मते या सवयीतील खरा धोका हा आहे.

मग 'स्वयम्'चे काय? तो दिसत नव्हता, पण गप्प नव्हता. विद्यार्थ्यांनी त्याला हौशी रेडिओच्या पट्ट्यात संदेश देण्या-घेण्यासाठी बनवले होते आणि योग्य अँटेना व ग्राहक यंत्र असणाऱ्याला त्याचे संकेत ऐकता येण्याजोगे होते. स्पुटनिकच्या बाबतीतही तेच झाले. लोकांनी पाहिले ते नळकांडे, पण रेडिओवर जी 'बीप बीप' ऐकली ती खुद्द स्पुटनिकचीच. म्हणजे सूक्ष्माची साक्ष मिळत नाही असे नाही. ती आपल्या आवडत्या इंद्रियाला मिळत नाही, इतकेच. साहित्याच्या अभ्यासकाला हे नवे वाटू नये. जे थेट दिसत नाही त्याचा माग लय, शब्द आणि मौन यांतून काढण्याचाच तर आपला व्यवसाय.

आमची सूचना साधी आहे. भाषेच्या प्रत्येक वर्गाने वर्षातून काही संध्याकाळी गच्चीवर जावे. हाती दुर्बीण नसली तरी चालेल, वही असावी. वहीत चार रकाने: वेळ, दिशा, काय दिसले, काय वाटले. तिसरा आणि चौथा रकाना वेगळे ठेवण्याची सवय जडली तर निबंधलेखनाच्या कित्येक तासिका वाचतील. आमच्या वहीत आता बरीच पाने भरली आहेत. तिसऱ्या रकान्यात निम्म्याहून अधिक ठिकाणी 'दिसले नाही' असे लिहिलेले आहे. चौथा रकाना मात्र कोठेही रिकामा नाही. काही वेळा 'दिसले नाही'च्या शेजारी जे लिहिले गेले, ते दिसल्यावर लिहिलेल्यापेक्षा सरस उतरले आहे, आणि २०१६च्या त्या कवितेच्या कर्त्यानेही ती फाडून टाकलेली नाही. तिच्या शीर्षकातील 'स्वयम्' खोडून त्याने तेथे 'एक रिकामे नळकांडे' असे लिहिले. कविता पूर्वीपेक्षा चांगली झाली आहे, यावर आमचे एकमत आहे.

ज्या विद्यार्थिनीचे सहा ओळींचे टिपण वर सांगितले, तिचे लग्न येत्या वैशाखात आहे. गुरुजी विचारतील तेव्हा आपण काय सांगणार, असे आम्ही तिला विचारले. ती म्हणाली, "आधी दिवे मालवायला सांगीन. मग पाहीन."